डाग काढून मिळतील

१

प्रेमराज पाटील गेला त्या सकाळी त्याच्या बाजेशेजारी, स्टुलावर, केळीच्या खोडाच्या पाण्याचा स्टीलचा ग्लास होता. खोलीत संशय घ्यावा असं दुसरं काही नव्हतं, पण वडझिरीला तेवढं पुरलं. दुपारपर्यंत त्या ग्लासात काय होतं ते ठाऊक नाही असं माणूस गावात उरलं नव्हतं.

मी अभिमन. वडझिरीच्या स्टँडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर लिहिलंय, ‘लग्न, साखरपुडा, पासपोर्ट. डाग काढून मिळतील.’ पोलिसांना मयताचे फोटो लागले की तेही मीच काढतो, कारण ठाणं वीस किलोमीटरवर आणि मी हाकेवर. त्या सकाळीही फौजदार हितेंद्र यांचा फोन आला. कुणाला हात लावू देऊ नकोस, फोटो काढून ठेव, मी निघालोच. ते ‘निघालोच’ म्हणाले की दीड तास धरायचा, हे मला अनुभवाने माहीत आहे. मी बारा फोटो काढले आणि अंगणात येऊन बसलो.

प्रेमराज शेहेचाळीस वर्षांचा, आईबापाचा एकुलता. तापीकाठी केळीची बाग. केळीचा भरलेला घड खांद्यावर घेऊन बांधावरून पळत जाणारा गडी. पण गेले तीन महिने त्याने बाज धरली होती. आडवा पडून जेवायचा, आडवा पडूनच मजुरांना कामं सांगायचा. आजारी म्हणावं तर पडल्या पडल्या टवटवीत, दोन तास गप्पा मारेल असा. गावाने त्याला ‘लोळणारा पाटील’ नाव ठेवलं आणि कारणही शोधून ठेवलं. कारण म्हणजे दुसरी बायको. सारिका त्या घरात येऊन नऊ वर्षं झाली होती. ती रोज सकाळी त्याला मुतखड्यावर म्हणून खोडाचं पाणी द्यायची. त्यात आणखी काय कालवते कोण जाणे, असं लोक तो जिवंत असतानाच बोलायचे.

त्यात घरच्या कोठीत केळीच्या कमळात टोचायचं औषध आणि त्याची सिरिंज सापडली. केळी निसवली, म्हणजे तिचं कमळ बाहेर पडलं, की कीड लागू नये म्हणून ते औषध टोचतात. आमच्याकडे बागायतदाराच्या प्रत्येक घरात ते असतं, पण त्या दिवशी ते फक्त याच घरात असल्यासारखं लोक बोलत होते.

फौजदार आले, पंचनामा सुरू झाला. तेवढ्यात भूमिका दारात येऊन उभी राहिली. भूमिका म्हणजे प्रेमराजची पहिल्या बायकोची मुलगी, एकवीस वर्षांची. पुढच्या महिन्यात तिचं लग्न नरडाण्याला ठरलेलं. सारिकेला ती ‘मावशी’ म्हणायची.

“साहेब, माझ्या वडिलांना मावशीने मारलं,” ती म्हणाली. “मी लिहून देते. आत्ता देते.”

प्रेमराजचे चुलते सुकदेव आबा मध्ये पडले. घरात सुतक आहे, तेराव्या दिवशी गंधमुक्ती होऊन ते फिटू दे, मग सही कर, असं त्यांनी तिला समजावलं. फौजदारांनाही घाई नव्हती. विषाचा अहवाल यायला तसेही दोन महिने लागणार होते. पण पोरीने सही केली की बाईला आत घ्यावं लागेल, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं.

सारिका अंगणात खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती. तिने भूमिकेकडे बोट केलं आणि म्हणाली, “हिले बी तोच तरास शे. हिले सांभाळा, नहीते ही बी तशीच जाई.”

 नवऱ्याचं प्रेत घरात असताना बाई पोरीलाही धमकी देते, हे चाळीस माणसांनी आपल्या कानांनी ऐकलं. मीही त्या चाळिसांत होतो, आणि मलाही ती धमकीच वाटली.

२

तिसऱ्या दिवशी फोटोंचे प्रिंट घेऊन मी ठाण्यात गेलो. फौजदार पंचनाम्याशी फोटो ताडून पाहत होते आणि मी उगाच त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. मला ती खोड आहे. एका ओळीवर मी थांबलो. लिहिलं होतं, ‘स्टुलावर एक रिकामा ग्लास, तळाशी तपकिरी थेंब.’

“साहेब, ग्लास भरलेला होता,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोवाल्याने फोटो काढावेत, असं त्या नजरेत होतं. मी चौथा फोटो पुढे सरकवला. ग्लास काठोकाठ भरलेला. खोडाचं पाणी हवेला काळं पडतं, तसं ते पडलेलं, पण एक घोटही कमी झालेला नाही. फोटोवर वेळ होती सात वाजून अडतीस मिनिटं. पंचनामा नऊच्या पुढचा.

म्हणजे प्रेमराज त्या दिवशी पाणी प्यालाच नव्हता. आणि मी अंगणात बसलो असताना कुणीतरी माझ्या पाठीमागे तो ग्लास ओतून ठेवला होता. माझा फार अपमान झाला. फौजदार म्हणाले, त्या दिवशी नाही प्याला, आदल्या तीन महिन्यांचं काय? मुद्दा बरोबर होता. पण ओतणारा कशाला ओतेल, हा माझाही मुद्दा बरोबर होता, आणि फौजदारांना दुसऱ्या तालुक्यात बंदोबस्त होता. मग मीच चौकशीला लागलो.

भूमिका सोडली तर त्या सकाळी त्या खोलीत ये-जा असलेले तिघं होते. सारिका, बागेतला मजूर हिलाल आणि सुकदेव आबा. हिलालकडे औषधाच्या कोठीची किल्ली असायची. आबांचं आणि प्रेमराजचं सामाईक विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षांचं वाकडं, इतकं की आबा त्या घरचं पाणीही पीत नसत. तरी मयत झाल्यावर सगळ्यांत आधी तेच आत होते.

हिलाल बागेत केळीची पिल्लं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, काढत होता. मला पाहून त्याने विळा खाली ठेवला आणि आपण होऊनच किल्ली पुढे केली. लोकांनी त्याला चार दिवस इतकं विचारलं होतं की त्याला वाटलं मीही तेवढ्यासाठीच आलो. मी म्हणालो, किल्ली राहू दे, दादा कसे गेले ते सांग.

“दादा आडा पडेल व्हतात, मनासंगे बागना गप्पा करी ऱ्हायंतात,” हिलाल म्हणाला. “मंग पानी पेवाले उठीसन बठनात. ग्लासकडे हात करा, डोया फिरनात, आनि पडनात. घोट बी लिधा नही.”

मी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिन्ही वेळा तेच. पडलेला होता तोवर हसत होता, उठून बसला आणि गेला.

उरले आबा. त्यांच्याकडे मी पुष्कळ तयारी करून गेलो. फोटो एकदम पुढे करायचा आणि चेहरा बघायचा, असं ठरवलं होतं. आबांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“मीच ओता,” ते म्हणाले. “वासरू मोकळं व्हतं. तेनी तोंड घालं असतं मंग?”

माझी सगळी तयारी वाया गेली. खरोखरच वासरासाठी त्यांनी तो ग्लास मोरीत ओतला होता. विषाची खात्री त्यांना इतकी होती की विषाचा एकमेव पुरावा त्यांनी आपल्या हाताने वाहून घालवला. असं फक्त आमच्या गावात होऊ शकतं. मी उठणार तोच ते आणखी एक वाक्य बोलले. म्हणाले, या घराला शापच आहे, प्रेमराजची आईही अशीच गेली होती. डाळ निवडून उठली आणि उभ्या उभ्या पडली.

मी उंबऱ्यातच थांबलो.

३

सारिकेला घरातून काढून गोठ्यालगतच्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी दारावर, सांत्वनाला, बसायला येणाऱ्या बायका तिच्याकडे पाठ करून बसायच्या. तिचा चहाही वेगळा. मी आत गेलो तेव्हा ती कडबा बाजूला करून जागा झाडत होती. मला म्हणाली, बसा भाऊ, चहा मात्र मी देणार नाही, तुम्हालाच भीती वाटायची.

मी ओशाळलो. विचारायचं होतं ते सरळ विचारलं. भूमिकेला तू धमकी का दिलीस?

“धमकी नही, भाऊ. मी सांगी ऱ्हायंती,” ती म्हणाली. “पडेल माणूस बरा, आनि उठेल माणूस बेजार. असा आजार मी कोठेच देखा नही. आते पोरले बी तेच व्हई ऱ्हायनं.”

मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. प्रेमराजला बसलं की दम लागायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आडवा झाला की दोन मिनिटांत साफ. गावातल्या डॉक्टरने आधी पित्त म्हटलं, मग मुतखडा, मग मनाचा आजार. म्हणून तो लोळायचा. त्याला लोळायची हौस नव्हती. बसणंच त्याला मारत होतं आणि हे त्याच्या बायकोशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. दिवाळीपासून तिला भूमिकेतही तेच दिसायला लागलं. केर काढून सरळ झाली की पोरगी भिंत धरते. अभ्यास आडवं पडूनच करते. सारिकेने तिला तपासून घ्यायला सांगितलं, दोनदा सांगितलं. भूमिकेला वाटलं, आपण आजारी आहोत असं पसरवून सावत्र आई आपलं लग्न मोडायला निघालीय. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

ऐकता ऐकता मला साखरपुडा आठवला. दोन महिन्यांपूर्वीचा, फोटो माझेच. ग्रुप फोटोसाठी मी प्रेमराजला हट्टाने उभं केलं आणि तो माझ्यासमोर कोसळला. आमच्याकडची रीत म्हणजे चार जणांनी धरून बसवायचं आणि कांदा फोडून नाकाशी धरायचा. तसं केलं तर त्याचे ओठ निळे पडायला लागले. शेवटी तो लोकांच्या हातांतून निसटून सतरंजीवर घसरला, आडवा झाला, आणि दोन मिनिटांनी त्याने चहा मागितला. सगळे हसले होते. मी तर त्याचाही फोटो काढला होता.

विषाला माणूस पडलाय की बसलाय हे कळत नसतं. एवढं मला समजत होतं. पण मग हे होतं तरी काय, ते समजत नव्हतं, आणि गंधमुक्तीला पाच दिवस उरले होते.

४

दुसऱ्या दिवशी भूमिका स्टुडिओत आली. गंधमुक्तीला लावायला वडिलांचा फोटो हवा होता. शेजारी आजीचाही हवा, दोन्ही फ्रेम सारख्या. खुर्ची दिली तर तिने ती भिंतीशी ओढली आणि मागे रेलून, जवळजवळ आडवी होऊनच बसली. जाताना म्हणाली, “काका, बाबांच्या ओठांवरचे डाग तेवढे काढा. नेहमीसारखं.”

नेहमीसारखं. मी मान डोलावली. डाग काढण्यात माझा हात धरणारा एरंडोलपर्यंत कुणी नाही, हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

प्रेमराजचा साखरपुड्यातला फोटो पडद्यावर मोठा केला. खालच्या ओठावर काळे-तपकिरी ठिपके, तिळाएवढे, सात-आठ. डोळ्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यातही दोन. मी पुसायला लागलो आणि माझा हात थबकला. हे ठिपके मी आधी पुसलेले होते. याच माणसाचे नव्हे, दुसऱ्या कुणाचे तरी, असेच, याच जागी.

माझ्याकडे एक चांगली सवय आहे, बाकी नसतील. मूळ फोटो मी कधी फेकत नाही. जुन्या डिस्क काढल्या. प्रेमराजची आई सुंदरबाई सोळा वर्षांपूर्वी गेली, मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला त्याच वर्षी. तिचा मूळ फोटो उघडला. ओठांवर ठिपके, डोळ्यांच्या कोपऱ्यात ठिपके. मग भूमिकेचा गेल्या वर्षीचा स्थळांना पाठवायचा फोटो उघडला, पुसण्याआधीचा. ओठांवर ठिपके, डोळ्यांच्या कोपऱ्यात ठिपके.

तिन्ही चेहरे मी पडद्यावर शेजारी शेजारी लावले. आजी, मुलगा, नात. आजी उठताना पडून गेली. मुलगा उठताना पडून गेला. नात खुर्चीत सरळ बसत नाही. आणि सारिका या घरात आली ती सुंदरबाई गेल्यानंतर सात वर्षांनी.

ही खूण गावात कुणाला दिसली कशी नाही? कारण भिंतीवरच्या फ्रेममधून, लग्नाच्या अल्बममधून, स्थळांच्या फोटोंतून मीच ती वेचून वेचून पुसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा माझ्या डिस्कवर सोळा वर्षं पडून होता. मला स्वतःची लाज वाटली. नंतर ती बाजूला ठेवली, कारण ती वाटून घ्यायला वेळ नव्हता.

दम लागतो, ओठ निळे पडतात आणि उठलेला माणूस क्षणात जातो, म्हणजे खोट हृदयातच असावी, असं वाटून मी फौजदारांना फोन केला आणि एकच गोष्ट विचारली. पोस्टमार्टेमला प्रेमराजचं हृदय कापून पाहिलं होतं का?

“नाही,” ते म्हणाले. “अख्खं बरणीत घालून धुळ्याला तपासायला पाठवलंय. नंबर लागायला महिना तरी जाईल.”

५

फौजदार हितेंद्र स्वतः जीप घेऊन आले, पण ते मला खोटं पाडायला. तसं त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं. बंदोबस्त संपेपर्यंत त्यांना निघताच आलं नाही, त्यामुळे आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा गंधमुक्तीचाच दिवस उजाडला होता. तिकडे गावात दहाला विधी होता आणि त्यानंतर भूमिकेची सही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रूपा पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. फौजदारांचं पत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही कोण? मी म्हणालो, फोटोवाला. मोबाईलवर तिन्ही चेहरे दाखवले, न पुसलेले. कोण कसं गेलं ते सांगितलं. हृदयाचा साधा रोगी बसला की बरा आणि झोपला की बेजार असतो, हे त्यांनी मला सांगितलं. यांचं सगळं उलटं आहे, असं म्हणून त्या उठल्या आणि रांगेतली सतरावी बरणी त्यांनी स्वतः उचलून आणली.

पंधरा मिनिटांनी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. ट्रेमध्ये कापून उघडलेलं हृदय होतं. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक गाठ लोंबत होती, मोठ्या लिंबाएवढी, भिजवलेल्या डिंकासारखी चकचकीत. तिला बारीक देठ होता. केळीचं कमळ दांड्याला लटकतं, अगदी तशी.

“हा कर्करोग नाही,” डॉ. रूपा म्हणाल्या. “साधी गाठ आहे, फार क्वचित होते. पण जागा वाईट. माणूस आडवा असला की ती बाजूला राहते, रक्त वाहतं. उठून बसला की ती खाली उतरून झडपेच्या तोंडावर बसते. बूच लागल्यासारखी. त्या दिवशी ती बसली ती निघालीच नाही. विषाचं इथे काही काम नाही, फौजदार.”

फौजदारांनी टोपी काढली. मी मात्र आनंदाने टाळी वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात बाईंनी माझा मोबाईल उचलला आणि तिसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. बहुतेकदा ही गाठ एकट्यादुकट्याला होते, पण काही घराण्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि त्यांच्या ओठांवर असे ठिपके असतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “ही मुलगी आत्ता कुठे आहे? काय करतेय?”

घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. भूमिका त्या वेळी उपाशीपोटी दोनशे पाहुण्यांमध्ये वाकून वाकून पाया पडत असणार होती.

६

भूमिकेचा फोन बंद. आबा विधीला बसलेले, त्यांचा फोन कुणी उचलेना. वडझिरीत दुसरा कोण माझं ऐकेल, आणि ऐकून करेल? एकच माणूस होतं, आणि ते गोठ्यात बसलं होतं.

सारिकेने पहिल्याच घंटीला फोन घेतला. मी फोन डॉक्टरांच्या हातात दिला. बाईंनी तिला भूमिकेबद्दल तीनच गोष्टी सांगितल्या. आडवं करा, कुणालाही बसवू देऊ नका, आणि गाडीतून आडवीच आणा. सारिकेने एकही प्रश्न विचारला नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण इतक्या जणांकडून ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. सारिका गोठ्यातून निघाली आणि मंडपात शिरली तेव्हा लोकांनी तिला अडवायला हात पुढे केले. नेमकी त्याच क्षणी भूमिका एका आजीच्या पाया पडून उठली, ती सरळ होता होता कोसळली. झालं. रीत ती रीत. चार बायकांनी तिला धरून बसवली, एकीने पाणी, एकीने कांदा. पोरीचे ओठ निळे पडायला लागले. कुणीतरी ओरडलं की बाईने हिलाही विष घातलं.

सारिकेने त्या चौघींना ढकललं. खरोखर ढकललं, दोन तर पाटांवर जाऊन पडल्या. पोरीला तिने जमिनीवर निजवलं, डोकं आपल्या मांडीवरही घेतलं नाही, सपाट ठेवलं. आबा काठी घेऊन उठले.

“आबा, माले मंग मारा,” ती म्हणाली. “आते हिले बसाडू नका. आडी पडू द्या.”

हिलाल मध्ये उभा राहिला. म्हणाला, दादा बठनात आनि गयात, हाई मी देखेल शे. एवढंच म्हणाला, पण आबांची काठी थांबली.  एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. भूमिकेच्या ओठांचा रंग परतला. तिने डोळे उघडले, वर सारिकेचं तोंड दिसलं, आणि ती उठायला गेली.

सारिकेने तिच्या छातीवर हात ठेवला. “निज,” ती म्हणाली. “तुन्हा बापनं ऐकं नही कोनी. तुनं मी ऐकस.”

भूमिका निजली. केळीचे घड वाहायच्या टेम्पोत गादी टाकून तिला तशीच धुळ्याला आणलं. सारिका सगळी वाट तिच्याशेजारी बसून होती, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यासाठी तिने ड्रायव्हरला शिव्या दिल्या, असं ड्रायव्हरच सांगतो. दुपारी तपासणी झाली. पडद्यावर भूमिकेचं हृदय हलताना दिसत होतं आणि आत आवळ्याएवढी गाठ दरवाजाशी ये-जा करत होती. मी फोटोवाला माणूस, आयुष्यभर चेहरे पाहिले. त्या चित्राएवढं भयंकर आणि त्या चित्राएवढं चांगलं मी काही पाहिलेलं नाही. ती गाठ सापडली होती आणि पोरगी जिवंत होती.

दोन दिवसांनी नाशिकला शस्त्रक्रिया होऊन गाठ देठासकट निघाली.

७

विषाचा अहवाल सव्वादोन महिन्यांनी आला. विष नाही, असा. तोवर त्याची कुणाला गरज उरली नव्हती, पण फौजदार हितेंद्रांनी तो गावात आणून चावडीवर मोठ्याने वाचला. त्यांना तसं करायचं काही कारण नव्हतं. माणूस चांगला आहे, फक्त ‘निघालोच’ म्हणू नये.

त्याच दिवशी आबा प्रेमराजच्या घरी गेले. ओट्यावर बसले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरचं पाणी मागितलं, तेही सारिकेकडे. तिने खोडाचं पाणी दिलं, मुद्दाम, स्टीलच्या त्याच ग्लासात. आबांनी सगळ्या आळीसमोर तो ग्लास एका दमात रिकामा केला. “पोरी, मी चुकनू,” ते म्हणाले. विहिरीची पहिली पाळी त्या दिवसापासून सारिकेच्या बागेला आहे.

नरडाण्याची मंडळी लग्न मोडतील असं सगळ्यांना वाटत होतं. ते आले, नाशिकच्या डॉक्टरांना भेटले, दरवर्षी हृदयाची तपासणी करायची एवढीच अट आहे हे ऐकलं आणि नवी तारीख ठरवून गेले. नवऱ्या मुलाने मला फोन करून एक फोटो मागितला. मूळचा, न पुसलेला.

मी त्याला म्हणालो, थांब, नवाच काढतो.

काल सारिका आणि भूमिका दोघी स्टुडिओत आल्या होत्या. पाटीवरचं शेवटचं वाक्य मी रंगाने खोडलंय, ते वाचायचा प्रयत्न करत भूमिका बाहेर थोडी रेंगाळली. आत प्रेमराजच्या आणि सुंदरबाईच्या दोन नव्या फ्रेम तयार होत्या, ठिपक्यांसकट. सारिकेने पदराने त्यांची काच पुसली. सुंदरबाईला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. बराच वेळ पाहून म्हणाली, पोर आजीवर गेलीय.

मी स्टूल मधोमध ठेवलं. पाठ नसलेलं, भिंतीपासून लांब. भूमिका त्यावर बसली आणि सारिका तिच्यामागे उभी राहिली. मी म्हणालो, जरा वेळ लागेल हं, उजेड नीट लावायचाय.

उजेड केव्हाच लावून झाला होता. पण मी दिवे उगाच इकडून तिकडे हलवले, लेन्स पुसली, पडदा ओढला, पुन्हा सारला. पाच मिनिटं गेली, सात गेली. भूमिका हसत होती. तिला माझी लबाडी कळली होती, आणि ती ताठ बसून होती.